चार तळहातांची पकड



बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, ती वाढली की लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. धाव आकसते आणि चाकाला अशी आवळून बसते की वर्षानुवर्षे हलत नाही. उष्णतेने वस्तू किती वाढते आणि निवली की किती आकसते, हा सगळा हिशेब लोहाराच्या हातात असतो. आज मी ज्या चाकाविषयी बोलणार आहे ते शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने पळणाऱ्या मोटारीचे आहे. पण हिशेब तोच आहे, उष्णतेचा.

तुम्ही म्हणाल, गणित शिकवणाऱ्या मास्तरांनी आम्हांला शर्यतीच्या टायरची माहिती कशाला द्यावी? त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा खेळ आता आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून शर्यतीचा ट्रॅक आहे. कोइमतूरला आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. आपल्या कोल्हापूरच्या परिसरातही लहान कार्ट गाड्यांचा ट्रॅक आहे. गावातली तरुण मुले स्वतःची मोटार घेऊन अशा ट्रॅकवर जातात, पैसे भरून फेऱ्या मारतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ट्रॅक ही टायरची प्रयोगशाळा आहे. रस्त्यावर जे वर्षभरात घडते ते तेथे वीस मिनिटांत घडते आणि डोळ्यांना दिसते.

या प्रयोगशाळेत नापास होणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आधी सांगतो. २००५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेत इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. तेथील तेरावे वळण उतरते बांधलेले आहे, म्हणजे विहिरीच्या काठासारखे एका बाजूला उंच. त्यावरून गाड्या पूर्ण वेगाने जातात आणि सारा भार डाव्या बाजूच्या टायरांवर येतो. शुक्रवारच्या सरावात त्याच वळणावर राल्फ शूमाकर याच्या टोयोटा गाडीचा मागचा डावा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिन कंपनीने तपास केला आणि उघडपणे सांगितले की, त्या वळणावरचा वेग कमी केल्याखेरीज आमचे टायर शर्यतभर टिकतील अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. वळणाआधी वेग मोडणारा अडथळा घालावा, ही सूचना नियामक संस्थेने मान्य केली नाही. रविवारी वीसही गाड्या सुरुवातीच्या संथ फेरीला निघाल्या. ती फेरी संपताच मिशेलिन टायरच्या चौदा गाड्या निमूटपणे आत वळल्या. उरलेल्या सहा गाड्यांची शर्यत झाली. प्रेक्षक संतापले. पुढे कंपनीने तिकिटांचे पैसे परत देऊ केले.

श्रोतेहो, ते टायर जगातल्या नामांकित कारखान्यात, निष्णात इंजिनियरांच्या हातून बनलेले होते. तरीही एका वळणाचा भार आणि त्या टायरची ताकद यांचा मेळ बसला नाही. आणि तो बसत नाही हे कळताच गाड्या आत घेणे, हेही शहाणपणच होते. तेव्हा महागडा टायर घेतला की काम झाले, ही समजूत आपण आधी सोडून देऊ. पकड दुकानात विकत मिळत नाही. ती वजन, हवा, उष्णता आणि झुकाव या चौघांच्या हिशेबातून येते.

आता ही पकड असते तरी केवढी, ते पाहू. एक मोटार घ्या, वजन बाराशे किलो. चार चाके, म्हणजे प्रत्येकावर सुमारे तीनशे किलो. टायरमध्ये हवा दर चौरस इंचाला ३० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. तीनशेला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. बारा सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद, एवढाच तुकडा जमिनीला टेकलेला असतो. म्हणजे साधारण आपल्या तळहाताएवढा. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज खरा आहे. ती सगळी मोटार, तिच्यातली माणसे आणि त्यांचे प्राण चार तळहातांवर तोललेले असतात.

हा तळहात जमिनीला धरतो कसा? डांबरी रस्ता गुळगुळीत दिसला तरी त्यात खडीचे बारीक उंचवटे असतात. रबर मऊ असले की त्या उंचवट्यांभोवती बसते, खाचांत शिरते आणि काही अंशी खडीला चिकटतेही. रबर थंड असले की ताठ राहते, खाचांत शिरत नाही. फार तापले की ढिले पडते, त्याचे थर सुटू लागतात, पकड जाते. येथे मला गुऱ्हाळाची आठवण होते. काहिलीतला पाक कच्चा उतरवला तर गूळ बसत नाही, जास्त शिजला तर करपतो. गुळव्या पाकाकडे बघूनच सांगतो की आता उतरवा. रबराचाही असाच पाक आहे. साध्या रस्त्याच्या टायरचा पाक लवकर येतो आणि लवकर बिघडतो. शर्यतीचा टायर तापायला वेळ घेतो, पण उष्णता अधिक सोसतो. फॉर्म्युला वनचे टायर शंभर अंशांच्या आसपास तापले म्हणजे त्यांची खरी पकड दिसते. म्हणून ट्रॅकवर पहिली फेरी नेहमी सबुरीची. दिसायला सगळे तयार असते, पण रबराचा पाक अजून कच्चा असतो.

या पकडीचा दुसरा गुण शाळेतल्या मुलांना सहज समजेल. टायरची एकूण पकड १०० आहे असे धरा. ब्रेक लावताना त्यातली ६० खर्च झाली, तर वळण्यासाठी किती उरली? आपण म्हणू ४०. पण पकडीच्या या दोन दिशा एकमेकींशी काटकोन करतात. म्हणून येथे वजाबाकी चालत नाही, पायथागोरसचा सिद्धान्त लागतो. ६० चा वर्ग आणि ८० चा वर्ग मिळून १०० चा वर्ग होतो. म्हणजे वळायला ८० उरते. पण ब्रेकवरच पूर्ण १०० खर्च केली, तर वळायला शून्य. मग सुकाणू कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. ट्रॅकवरचा चांगला चालक वळणात शिरता शिरता ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलतो, तो याच हिशेबाने.

आता निवडीकडे वळू. टायर घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा की, याच टायरवर घरी परत यायचे आहे काय? शर्यतीचा खास टायर पाहिलात तर त्यावर नक्षीच नसते. तो गुळगुळीत असतो, कारण नक्षीच्या प्रत्येक खाचेने जमिनीला टेकणारे रबर कमी होते. पण नक्षी असते ती पाणी बाहेर काढण्यासाठी. पाऊस आला की गुळगुळीत टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि जमिनीशी त्याचा संबंधच तुटतो. असा टायर रस्त्यावर आणायचा नाही. जो माणूस आपल्याच गाडीने ट्रॅकवर जाणार आणि त्याच गाडीने परतणार, त्याने मधला मार्ग धरावा. थोडी नक्षी असलेला, मऊ रबराचा, बाजू मजबूत असलेला टायर घ्यावा.

मऊपणा ओळखायला एक आकडा मदत करतो. अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे टायरच्या बाजूवर झिजेचा अंक छापलेला असतो. ज्याचा अंक २०० तो ठरावीक नमुन्याच्या टायरपेक्षा दुप्पट टिकतो, ज्याचा ४०० तो चौपट. नेहमीच्या मोटारींच्या टायरवर तीनशे, चारशे, पाचशे असे अंक दिसतात. ट्रॅकसाठी म्हणून घेतात ते बहुधा २०० किंवा त्याहून कमी. मात्र हा अंक कंपनीच आपल्या चाचणीवरून ठरवते, तेव्हा दोन कंपन्यांचे अंक शेजारी ठेवून फार बारीक तुलना करू नये. ठोकळ नियम एवढाच, की जो लवकर झिजतो तो जास्त धरतो.

दुसरे पाहायचे ते भार आणि वेग. टायरच्या मापाशेजारी एक अंक आणि एक अक्षर असते. ९१ हा अंक असेल तर तो टायर ६१५ किलो भार उचलू शकतो. अक्षर एच असेल तर ताशी २१० किलोमीटर, व्ही असेल तर २४०, डब्ल्यू असेल तर २७०. गाडीला कारखान्याने जे सांगितले आहे त्याहून कमी अंकाचा टायर कधीही घेऊ नये. तिसरे, टायरचे वय. बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरले नाही तरी काळाने कडक होते. शिवाय ट्रॅकवर प्रत्येक वेळी तापून निवताना ते थोडे अधिक कडक होत जाते. म्हणून पुष्कळदा नक्षी शिल्लक असते, पण पकड संपलेली असते. अशा टायरकडे पाहून अजून चालेल म्हणणारा माणूस फसतो.

आणि चारही टायर एकाच जातीचे, एकाच वयाचे घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी पुढे नवे, चांगले धरणारे आणि मागे जुने, असे केले तर वळणात पुढचा भाग वळतो आणि मागचा सुटतो. मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

टायर निवडले. आता ते बसवून लावायचे कसे? यात पहिला मान हवेचा. बंद भांड्यातल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शाळेत शिकवतो. तो नियम येथे वापरून पाहू. सकाळी २५ अंश तापमानात टायरमध्ये २८ पौंड हवा भरली. मोजणीचे यंत्र वातावरणाचा दाब धरत नाही, तो १४.७ पौंड मिळवला की खरा दाब ४२.७. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या मारून आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापली. निरपेक्ष तापमान २९८ वरून ३४८ झाले. ४२.७ ला ३४८ ने गुणा आणि २९८ ने भागा, उत्तर ४९.९. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ३५ पौंड. एक श्वासही हवा न भरता दाब सात पौंडांनी वाढला! म्हणजे साधारण दर सात अंशांना एक पौंड.

त्यामुळे ट्रॅकवर महत्त्व तापलेल्या टायरच्या दाबाला असते. तापल्यावर ३५ हवे असतील, तर सुरुवात २८ च्या आसपास करावी लागते. किती हवे ते टायर बनवणारा सांगतो. तेथे शेजाऱ्याचा आकडा उचलू नये. त्याची गाडी वेगळी, वजन वेगळे, दिवसाचा प्रहर वेगळा. फेऱ्या मारून परत आले की दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजावेत, म्हणजे ते निवण्यापूर्वीचा आकडा मिळतो. जो ट्रॅक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो त्यावर उजवी वळणे जास्त असतात. मग भार डाव्या टायरांवर पडतो आणि ते अधिक तापतात. अशा ठिकाणी डाव्या बाजूला सुरुवातीची हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे तापल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात. नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि उष्णतेचा नियम दोघांनाही सारखाच. फरक पडतो तो ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचा अंश असेल तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब बेभरवशाचा होतो. कोरडी हवा मिळाली तरी तो लाभ होतो.

दुसरा मान तापमानाचा. सुई असलेल्या तापमापकाने टायरचे रबर तीन ठिकाणी टोचून मोजतात. आतल्या बाजूला, मध्ये आणि बाहेरच्या बाजूला. पृष्ठभाग लगेच निवतो, म्हणून सुई रबरात थोडी आत गेली पाहिजे. मध्यभाग दोन्ही कडांहून जास्त तापला असेल, तर हवा जास्त झाली आहे. टायर फुगून मधल्या भागावर उभा आहे. दोन्ही कडा जास्त तापल्या असतील, तर हवा कमी आहे. फक्त बाहेरची कड तापली असेल, तर चाकाचा झुकाव कमी पडतो आहे.

हा झुकाव म्हणजे काय, ते सांगतो. वळणात मोटारीचे धूड बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चढतो. तळहाताचा अर्धा भाग उचलला जातो. म्हणून चाकाचा माथा आधीच थोडा आतल्या बाजूला कलता ठेवतात. कारागीर याला कॅम्बर म्हणतात. रस्त्याच्या गाडीत तो एक अंशाच्या आतबाहेर असतो. ट्रॅकसाठी दोन ते तीन अंशांपर्यंत नेतात. मग वळणात गाडी कलली की टायर जमिनीवर सपाट बसतो. पण याची किंमत असते. सरळ रस्त्यावर आतली कड लवकर झिजते आणि सरळ ब्रेक लावताना पकड थोडी कमी होते. म्हणून हवा आणि तापमान मोजल्याशिवाय झुकावाला हात लावू नये.

सुईचा तापमापक महाग वाटत असेल तर शिक्षकाच्या खिशातली वस्तू कामाला येते, खडू! टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तेथे, खडूने तीन-चार आडव्या रेघा ओढाव्यात. चार फेऱ्या मारून यावे. रेघ ज्या जागेपर्यंत पुसली गेली असेल तेथपर्यंत टायर जमिनीला टेकला. कंपनीने तेथे बहुधा एक लहान त्रिकोणी खूण केलेली असते. खूण ओलांडून रेघ पार बाजूपर्यंत पुसली गेली, तर टायर दुमडतो आहे. हवा थोडी वाढवावी. खुणेपर्यंत पुसलीच नाही, तर हवा जास्त आहे किंवा चालक सावकाश आहे. पैशाच्या खडूने ही परीक्षा होते.

याशिवाय दोन बारीक गोष्टी. चाकाचे नट टॉर्क पान्याने, कारखान्याने सांगितलेल्या मापाने आवळावेत आणि पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत. शेवटची फेरी सावकाश मारून टायर आणि ब्रेक निवू द्यावेत. आणि गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढू नये, कारण तापलेले ब्रेक तेथेच चिकटतात. चाकाला उटी लावावी. आणि हे सगळे एका वहीत टिपावे. तारीख, वेळ, हवेचे तापमान, प्रत्येक टायरचा आधीचा दाब, नंतरचा दाब, तीन जागांचे तापमान. सकाळी बरोबर ठरलेली हवा दुपारी बरोबर नसते, कारण उन्हात डांबर पन्नास अंशांच्या वर जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. वैद्यालाही हे ठाऊक असते.

आता एक इशारा देतो, आणि तो आजच्या भाषणातला सर्वांत गरजेचा भाग आहे. ट्रॅकवर सुरुवातीला हवा कमी ठेवतात, हे ऐकून कोणी आपल्या मोटारीतली हवा उन्हाळा आहे म्हणून कमी करू नये. समृद्धी महामार्ग २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. तार वारंवार वाकवली की ती गरम होऊन तुटते, तसेच रबर आतून तापते आणि शेवटी सुटते. ट्रॅकवरची गाडी वीस मिनिटांनी थांबते, टायर मोजले जातात, एकटाच चालक आत असतो, शिरस्त्राण असते, रुग्णवाहिका उभी असते. महामार्गावर पाच माणसे, वर सामान आणि तीन-तीन तास न थांबता प्रवास. तेथे गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तोच खरा, आणि तो सकाळी, टायर थंड असतानाच मोजायचा. टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा नसतो. उन्हात दोन तास पळून आलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. तो वाढणारच होता, आणि टायर बनवणाऱ्याने तो धरलेला आहे.

म्हणजे ट्रॅकवरून आपण आकडे उचलायचे नाहीत. उचलायची ती मोजण्याची सवय. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. शाळेच्या आवारात एखादी मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी करा. मागच्या टायरला ओला खडू लावा, खाली आलेखाचा कागद ठेवा आणि गाडी स्टँडवरून हलकेच त्यावर उतरवून सरळ धरा. पुन्हा उचलून कागद काढा आणि उमटलेल्या ठशातले चौकोन मुलांकडून मोजून घ्या. ते क्षेत्रफळ आणि हवेचा दाब यांचा गुणाकार केला की मागच्या चाकावरचा भार अंदाजाने येईल. मग हवा पाच पौंडांनी कमी करून पुन्हा ठसा घ्या. ठसा मोठा झालेला मुलांना दिसेल. एवढ्याशा तुकड्यावर आपले वडील रोज तालुक्याला जातात, हे मुलांना कळेल आणि संध्याकाळी घरी जाऊन ती विचारतील, बाबा, टायरमधली हवा शेवटची कधी बघितली होती?

तेवढा प्रश्न दहा घरांत विचारला गेला तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.